राखीव लाइन राखीवच राहिली पाहिजे
सदर : जमाखर्च



शिष्यवृत्तीच्या अर्जांचे दिवस आले की नाशिकरोडपासून सातपूर-अंबडपर्यंत आपल्या वस्त्यांतल्या सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीचा अर्ज, जात पडताळणी, सगळे आता इंटरनेटवरून जाते. ही केंद्रे चालवणारी पुष्कळ मुले-मुली आपल्याच घरांतली आहेत. शहाणपणाने त्यांनी दोन जोडण्या घेतल्या आहेत. एक फायबरची, रोजच्या कामाची. दुसरी मोबाईल सिमची, फायबर बंद पडले तर असावी म्हणून. पण तक्रार सगळ्यांची एकच ऐकू येते. फायबर ठणठणीत चालू असते, तरी सिमचा दिवसाचा डेटा दुपारच्या आत संपतो. मग ज्या दिवशी गटाराच्या कामात जेसीबीने फायबर तोडले, नेमके त्याच दिवशी सिमही हात वर करते. अर्जाची शेवटची तारीख असते, बाप कारखान्यातला खाडा करून मुलीबरोबर आलेला असतो, आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहते.

या शिष्यवृत्तीचे मोल आपल्या घरांत सांगायला नको. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० च्या दुरुस्तीपर्यंत ३४ वर्षे वाट पाहावी लागली. इतक्या खटपटीने हाती आलेला हक्क राउटरमधल्या एका आकड्यापायी अडून राहावा, हे मला तरी सोसत नाही. म्हणून आज हिशेबाच्या सदरात तारांचा विषय. विषय जड वाटेल, पण बारावीची मुलगी वाचून समजेल इतका तो सोपा आहे.

राउटर काय करतो हे टपाल खात्यात किंवा आरएमएसमध्ये नोकरी केलेल्यांना लगेच कळेल. पत्रे वाटण्याच्या कपाटाला खण असतात. येवला एका खणात, मनमाड दुसऱ्यात, मालेगाव तिसऱ्यात. ज्या गावाचा खण नाही ते पत्र फेकत नाहीत. ते ‘इतर’ खणात जाते आणि तिथून मोठ्या कचेरीत. राउटरजवळही असाच पत्त्यांचा तक्ता असतो. जो खण जास्त नेमका, तो आधी पाहिला जातो. कुठेच न बसणारे पाकीट ‘इतर’ खणात पडते. या ‘इतर’ खणाला डिफॉल्ट रूट म्हणतात आणि तो चार शून्यांनी लिहितात, ०.०.०.० असा. इंटरनेटवर पत्ते कोट्यवधी, आणि आपल्या छोट्या राउटरला त्यातले बाहेरचे जवळपास काहीच पाठ नसते. तेव्हा त्याचा बहुतेक कारभार या एका खणावर चालतो. हा खण कोणत्या तारेला जोडला आहे, यावर पुढचा सगळा जमाखर्च अवलंबून.

हे दुखणे आजचे नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बँकांच्या शाखा आणि मोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्या भाड्याच्या लाइनवर चालत, तिला लीज्ड लाइन म्हणत. तिचे भाडे ठरलेले, वापरा अथवा न वापरा. राखीव म्हणून आयएसडीएनची लाइन घेतलेली असे. तिचा स्वभाव टेलिफोनचा: नंबर फिरवला की मीटर सुरू. एका जोडणीत ६४ केबीपीएसच्या दोन वाहिन्या. दोन्ही उचलल्या तर दोन कॉलचे पैसे. हा नंबर माणूस फिरवत नसे, राउटर स्वतःच फिरवी. एसटीडी बूथवर लाल आकडे पळताना पाहून आपली छाती धडधडे; इथे ते आकडे कोणाला दिसतसुद्धा नसत.

२००३ च्या सुमारास नाशिकमधल्या एका कचेरीत मी बिले तपासण्याच्या टेबलावर होतो. राखीव लाइनचे बिल वाढत वाढत मुख्य लाइनच्या भाड्याजवळ येऊन ठेपले. वरून शेरा आला, कोणीतरी रात्री चोरून इंटरनेट वापरतो. रात्री कचेरीत कोण असतो? रात्रपाळीचा शिपाई. तो आपला माणूस होता. पुढे काय झाले असेल ते आपल्या वाचकांना उलगडून सांगायला नको. त्याला मेमो मिळाला. मी कॉलची तपशीलवार यादी मागवून घेतली आणि पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचली. शिपाई रजेवर होता त्या रात्रीही कॉल होते. दिवाळीला कचेरीला कुलूप होते तेव्हाही होते. आणि बहुतेक कॉल दोन मिनिटे आणि वर थोडे सेकंद, एवढेच. माणसे फोनवर अशी मोजून मापून बोलत नाहीत. एक कॉल अर्ध्या मिनिटाचा असेल, एक अर्ध्या तासाचा. एकसारखे कॉल यंत्राचेच असतात. लाइनवर कामाचे काही गेले नाही तर किती वेळाने फोन ठेवायचा याची मुदत राउटरमध्ये असते, आणि सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये ती मूळची १२० सेकंद असे. दोन मिनिटांचा हिशेब तिथे जुळला. मेमो मागे घेतला गेला. दिलगिरी मात्र कोणी व्यक्त केली नाही.

दोष कुठे होता तो पाहण्यासारखा आहे, कारण आजही तोच होतो. मुख्य लाइनवर फक्त माहितीतल्या कचेऱ्यांचे खण होते. ‘इतर’ खण राखीव लाइनला जोडलेला होता. जोडणाऱ्याचा विचार असा, की मुख्य लाइन तुटली की तिचे खण तक्त्यातून जातील, मग सगळी पाकिटे ‘इतर’मध्ये पडतील आणि राउटर नंबर फिरवील. हा विचार अर्धाच झाला. मुख्य लाइन धडधडीत चालू असतानाही खण नसलेल्या पत्त्याचे एखादे पाकीट आले तर तेही ‘इतर’मध्येच पडणार. त्या कचेरीतला एक संगणक रात्रंदिवस चालू असे आणि कधीच बंद झालेल्या एका जुन्या सर्व्हरला तो अधूनमधून हाक मारी. एक हाक, एक कॉल, दोन मिनिटांचे मीटर.

यावर उपाय असा. ‘इतर’ खण दोन लिहायचे, एक मुख्य लाइनचा आणि एक राखीवचा, आणि दोघांना पायरी नेमून द्यायची. सिस्कोत या पायरीला अॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स म्हणतात, काही राउटरमध्ये नुसते डिस्टन्स. आकडा लहान त्याचा मान पहिला. हाताने लिहिलेल्या मार्गाला आपण आकडा दिला नाही तर राउटर तो १ धरतो. इथेच गफलत होते. दोन्ही मार्ग आकड्याविना लिहिले की दोघांचेही १, म्हणजे दोघे सारखे वारस, आणि राउटर दोघांत काम वाटून देतो. मुख्य लाइन चालू असताना राखीव लाइन का वाजते, याचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. राखीव मार्गाच्या ओळीच्या शेवटी मोठा आकडा हवा. ती ओळ अशी वाचतात: आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० डायलर १ २००. यात ‘डायलर १’ हे राखीव लाइनच्या दाराचे नाव, आणि शेवटचे २०० ही तिची पायरी. मग हा मार्ग मुख्य मार्ग असेपर्यंत तक्त्यात दिसतच नाही. मुख्य मार्ग गेला की वर येतो. बुडालेल्या लाकडासारखा वर येतो म्हणून इंग्रजीत त्याला फ्लोटिंग, तरंगता, मार्ग म्हणतात.

दोनशेच का, दोन का नाही? दोन्ही मार्ग हाताने लिहिले असतील तर दोनही चालेल. पण मोठ्या जाळ्यात मुख्य मार्ग राउटर एकमेकांकडून शिकतात, आणि शिकलेल्या मार्गाची पायरी मुळातच मोठी असते. आरआयपीने शिकलेला १२०, ओएसपीएफने शिकलेला ११०. अशा ठिकाणी राखीव मार्गाला १ किंवा २ असेल तर तो मुख्य मार्गाच्याही वर जाऊन बसतो, आणि सगळी कचेरी महिनाभर मीटरवर चालते. २०० लिहिले की हा प्रश्नच उरत नाही.

बंद झालेल्या पत्त्यांची पाकिटे मात्र मुख्य लाइन तुटली की पुन्हा राखीव लाइन वाजवणारच. त्यांच्यासाठी केराची टोपली ठेवावी लागते. राउटरमध्ये ती असते, तिला नल म्हणतात. जे जाळे कायमचे बंद झाले त्याचा खण नलकडे वळवला की ती पाकिटे तिथेच संपतात. फक्त चालू कचेरीचा पत्ता चुकून त्यात जाऊ देऊ नये, नाहीतर लाइन तुटलेल्या दिवशी तिचेही टपाल केरात जाईल.

आणखी एक बारकी गोष्ट. कोणत्या पाकिटासाठी नंबर फिरवायचा याची यादी राउटरला देता येते. आरआयपी बोलणारे राउटर दर ३० सेकंदांनी एकमेकांना आपला तक्ता ऐकवतात. फोन ठेवण्याची मुदत १२० सेकंदांची आणि गप्पा दर ३० सेकंदांनी, मग फोन कधी ठेवला जाणार? त्या गप्पांना यादीतून वगळले की एरवी लाइन उगाच वाजत नाही, आणि काम संपल्यावर गप होते. लाइन एकदा लागल्यावर मात्र वगळलेली पाकिटेही तिच्यावरून जातात. फक्त त्यांच्यासाठी फोन लागत नाही आणि त्यांच्यामुळे तो धरूनही ठेवला जात नाही.

आता आपल्या सेवा केंद्राकडे येऊ. आयएसडीएनच्या जागी सिम आले, कॉलच्या मीटरच्या जागी दिवसाचा कोटा आला. दुखणे तेच राहिले. दोन जोडण्या घेणाऱ्या राउटरमध्ये एक निवड असते. एकीकडे लोड बॅलन्स, म्हणजे काम दोन्ही तारांवर वाटा. दुसरीकडे फेलओव्हर किंवा बॅकअप, म्हणजे पहिली पडली तरच दुसरी. दुकानदार कौतुकाने लोड बॅलन्स लावून देतो, वेग वाढेल म्हणून. त्या वाटणीत सिम दुपारीच रिकामे होते. अनेक योजनांत कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे जुन्या आयएसडीएनच्या एका वाहिनीइतका. त्या काळी पाने हलकी होती म्हणून तेवढ्यात भागे. आजचा अर्ज, त्यावर फोटो आणि दाखल्यांच्या प्रती, हे ६४ मधून ओढत नाही. तेव्हा निवड फेलओव्हरची करावी. मायक्रोटिकसारखा राउटर असेल तर फायबरच्या मार्गाला डिस्टन्स १ आणि सिमच्या मार्गाला २ किंवा अधिक द्यावा.

काहींकडे दोन जोडण्यांचा राउटर नसतो. लॅनची केबल संगणकाला लावलेली आणि मोबाईलही यूएसबी केबलने त्याच संगणकाला जोडलेला. अशा वेळी विंडोजही आकडाच पाहते, त्याला मेट्रिक म्हणतात, आणि लहान आकडा निवडते. यूएसबीने जोडलेला मोबाईल संगणकाला साध्या लॅन कार्डासारखाच दिसतो, त्यामुळे पहिला मान कोणाला मिळेल याचा भरवसा नाही. जोडणीच्या गुणधर्मांत जाऊन आपोआपची खूण काढावी, केबलला लहान आणि मोबाईलला मोठा आकडा द्यावा. मोबाईलच्या जोडणीला ‘मीटर्ड’ ही खूण करावी, म्हणजे विंडोजचे बरेचसे अपडेट तिच्यावरून उतरत नाहीत. त्याहून साधा उपाय, मोबाईलची केबल गरज पडेपर्यंत खिशात ठेवावी. गरिबाचा फेलओव्हर हाच, आणि तो फुकट आहे.

आता उलट बाजू. राखीव लाइन विनाकारण लागू नये, तशी कारण असताना ती लागलीच पाहिजे. केंद्रातल्या डबीपासून राउटरपर्यंतची तार शाबूत असते, दिवा हिरवा असतो, आणि फायबर तुटलेले असते चार चौक पलीकडे. राउटरला वाटते मुख्य मार्ग जिवंत आहे. तो मार्ग सोडत नाही आणि सिम नुसते बसून राहते. यासाठी राउटरला दूरच्या एखाद्या पत्त्याला ठरावीक वेळाने हाक मारायला सांगावे, आणि उत्तर आले नाही तरच मार्ग बदलायला सांगावे. यात एक मेख आहे, ती अनेक तंत्रज्ञही विसरतात. ही तपासणीची हाक फक्त फायबरवरूनच गेली पाहिजे. ती मोकळी सोडली तर सिम चालू होताच हाक सिमवरून जाते, उत्तर येते, राउटरला वाटते फायबर बरे झाले. तो फायबरवर उडी मारतो, पुन्हा पडतो, पुन्हा सिमवर. दिवसभर हाच झोका. म्हणून त्या तपासणीच्या पत्त्याचा स्वतंत्र खण करून तो फायबरलाच बांधावा. एका हाकेला उत्तर चुकले म्हणून घाबरू नये. लागोपाठ तीन चुकल्या तर मार्ग बदलावा, आणि फायबर परत आल्यावरही मिनिटभर थांबून मगच परतावे.

आपल्या नकळत आपल्या पैशाने दुसरी लाइन लागण्याचे प्रकार जगभर झाले आहेत, आणि सगळेच चुकीने झालेले नाहीत. १९९६-९७ च्या हिवाळ्यात अमेरिका व कॅनडात अश्लील चित्रे पाहण्यासाठी म्हणून लोकांना एक प्रोग्राम उतरवायला लावला गेला. तो मोडेमचा आवाज बंद करी, स्थानिक कॉल तोडी आणि थेट मोल्दोव्हा देशाचा नंबर लावी. ती साइट सोडली तरी कॉल चालूच. लोकांच्या हाती प्रचंड बिले आली. १९९७ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि ग्राहकांना परतफेड मिळाली. अॅपल कंपनीने २०१५ मध्ये आयफोनात वाय-फाय असिस्ट नावाची सोय दिली. वाय-फाय अशक्त झाले की फोन गुपचूप मोबाईल डेटावर जाई, आणि ती सोय मूळचीच चालू ठेवलेली होती. त्यावरून त्याच वर्षी अमेरिकेत दावा दाखल झाला. बऱ्याच अँड्रॉइड फोनांतही अशी सोय असते. घरात वाय-फाय असून मुलांच्या फोनचा डेटा उडत असेल तर ओरडण्याआधी सेटिंगमध्ये ती खूण पाहावी.

एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. राउटरचा पासवर्ड पुष्कळ केंद्रांत चालकाकडे नसतो, तो लावून देणाऱ्याकडे असतो. पैसे आपले, यंत्र आपले, किल्ली दुसऱ्याची. विचारले तर, तुम्हाला ते जमणार नाही, असे उत्तर मिळते. हे वाक्य आपल्या समाजाने फार पिढ्या ऐकले आहे. राउटर बसवण्याचे पैसे देतानाच पासवर्ड आणि सेटिंगची प्रत मागून घ्यावी, पावतीवर तसे लिहून घ्यावे.

ज्या मुलांना यात नोकरी शोधायची आहे त्यांनी एमएस-सीआयटीवर थांबू नये. सिस्कोचा पॅकेट ट्रेसर हा सरावाचा प्रोग्राम त्यांच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवले की मोफत मिळतो. दोन ‘इतर’ मार्ग लिहायचे, एकाला २०० द्यायचे, मुख्य तार तोडायची आणि तक्ता पाहायचा, हा सगळा खेळ खरा राउटर विकत न घेता घरच्या संगणकावर करता येतो.

केंद्रचालकांनी मात्र हंगाम सुरू होण्याआधी एका संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर, खरी चाचणी घ्यावी. आधी सिमच्या डेटाचा आकडा कागदावर लिहावा. फायबर चालू ठेवून अर्धा तास काम करावे आणि आकडा पुन्हा पाहावा. तो हलला असेल तर कुठेतरी वाटणी चालू आहे. मग फायबरची तार काढावी, मिनिटभरात सिमवर पान उघडते का पाहावे. पुढे तार परत लावून फायबरच्या डबीची बाहेर जाणारी जोडणी काढावी, म्हणजे दिवा हिरवा आणि मार्ग मेलेला, ही खरी अवघड परीक्षा होते. शेवटी सगळे जागेवर लावून दहा मिनिटांनी सिमचा आकडा थांबला की नाही ते बघावे. थांबला नसेल तर फायबरच्या आणि सिमच्या मार्गांचे दोन्ही आकडे एका कागदावर उतरवून ‘जमाखर्च’ सदराच्या नावे अंकाच्या पत्त्यावर पाठवा, पुढच्या आठवड्यात उत्तर देतो.

जयभीम.